खर्जाचा मोह

संगीतावर लिहिणाऱ्या लोकांची एक जुनी खोड अशी आहे कीं, जें वाद्य त्यांच्या घरांत लहानपणीं वाजत नव्हतें त्याचा विचार करण्याचा प्रसंग आला म्हणजे ते एक तर कानांवर हात ठेवतात, नाहीं तर 'नव्या पिढीची आवड' एवढा शेरा मारून मोकळे होतात. या दोहोंपैकीं एकासही टीका हें नांव शोभत नाहीं. विजेवर वाजणारी, सहांच्या ऐवजीं सात किंवा आठ तारा लावलेली गिटार आतां केवळ मुंबई-पुण्याच्या रंगमंचांवरच राहिलेली नाहीं. ती तालुक्याच्या गांवांतील माडीवर येऊन पोंचली आहे, आणि तिच्या तारा किती ताणाव्या व कोणत्या स्वरांत मिळवाव्या यावर तरुण मंडळी रात्ररात्र वाद घालीत असते. हा वाद पोरकट असावा असें आम्हांसही पहिल्यानें वाटत होतें. आमचें तें मत कसें बदललें हें सांगतां सांगतां या वादाचा निवाडा करतां आला तर पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

गेल्या वारीच्या दिवसांत आम्ही दौंड तालुक्यांत होतों. तुकोबारायांची पालखी देहूहून निघाली म्हणजे पंढरीच्या वाटेवर तिचे यवत आणि वरवंड येथें मुक्काम पडतात. (यवतकरांच्या पिठलें-भाकरीची कीर्ति आम्हीं नव्यानें गावयास नको, ज्यांनीं ती खाल्ली नाहीं त्यांची कींव येते, इतकेंच म्हणतों.) वरवंडास रात्रीं एका दिंडीचें भजन चाललें होतें. मधोमध एक वृद्ध वीणेकरी उभे होते. वीणा गळ्यांत, डोळे मिटलेले, आणि बोट तारांवरून फिरत होतें तें केवळ आधारस्वर देण्यापुरतें. आरंभीं पेटीवाल्यानें काळी एकची पट्टी धरली होती. भजनास रंग चढला तशी मंडळींनीं पट्टी दोन घरें वर नेली, आणि बुवांनीं उभ्या उभ्याच खुंटी पिळून तारा वर चढविल्या. बोटें थरथरत होतीं; स्वर लागावयास वेळ लागला; पण लागला तो अचूक लागला. वीणा मिळविण्यास हाताशीं कोणी तरुण कां घेत नाहीं, असें आम्हीं मागाहून विचारलें तेव्हां बुवा एवढेंच म्हणाले, "होता एक. त्याचा कान गेला."

हा 'एक' आम्हांस आठ दिवसांनीं भेटला. चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्यानें आम्ही शिरूरास गेलों; बुवांच्या मुलीचें घर तेथें घोडनदीच्या बाजूस आहे. नातू रांजणगांवच्या एका कारखान्यांत कामास जातो आणि उरलेला वेळ माडीवर गिटारीच्या संगतींत घालवितो. त्यानें आम्हांस वर नेलें, खिडक्या लावून घेतल्या, कारण शेजाऱ्यांशीं तसा करार झाला आहे, आणि वाजविण्यास आरंभ केला. खरें सांगावयाचें तर पहिलीं पांच मिनिटें आम्हांस कांहींच कळलें नाहीं. मग हळूहळू लक्षांत आलें कीं, लय पक्की आहे, हात तयार आहे, परंतु सर्वांत खालची तार ज्या ज्या वेळीं वाजे त्या त्या वेळीं तिचा स्वर आधीं थोडी वर उडी मारी, आणि मग लोंबत लोंबत आपल्या जागीं येई. तार पडद्यांवर आपटून होणारा खडखडाट त्यांत होताच.

"काका, तार जितकी खालीं तितका आवाज भरदार," तो म्हणाला.

"आणि आजोबा काय म्हणतात?"

"आजोबा म्हणतात, खुंटी सोडली म्हणून खर्ज होत नाहीं."

वाचकहो, आजोबा आणि नातू यांच्यांतील हें भांडण वरवर दिसतें तितकें साधें नाहीं. कित्येक वर्षें सप्ताहाची वीणा हाच मुलगा मिळवून देत असे. अखंड हरिनामाच्या सप्ताहांत वीणा खालीं ठेवावयाची नसते. ती एकाच्या गळ्यांतून दुसऱ्याच्या गळ्यांत जाते, आणि तिचा स्वर चुकला तर तो पहाऱ्यामागून पहारे चुकत राहतो. मागच्या सप्ताहांत त्यानें मिळविलेली वीणा पेटीच्या खालीं लागली. मंडळींत कुजबुज झाली, वडीलधाऱ्यांनीं ती दुसऱ्याच्या हातीं दिली, आणि त्या दिवसापासून घरांत सिद्धांत ठरून गेला कीं, या रानटी वाद्यानें पोराचा कान बिघडला. पोरानें तो निकाल मुकाट्यानें ऐकून घेतला. पण आठ तारांची नवी गिटार घेण्याकरितां तो पैसे सांठवूं लागला. वाद्याच्या तारा किती ताणाव्या हा प्रश्न येथें नुसत्या हौसेचा राहिलेला नाहीं, हें उघड आहे.

आतां तारेच्या शास्त्राकडे वळूं. तें अवघड नाहीं. फ्रान्समधील मर्सेन नांवाच्या धर्मोपदेशकानें १६३६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथांत तारेचे जे नियम मांडले तेच आजही चालतात. आणि त्यांतील ताणाविषयींचा नियम त्याच्याही आधीं गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो यांनीं तारांना वजनें टांगून शोधला होता. तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, वजन आणि ताण. लांबी दुप्पट केली तर स्वर एक सप्तक खालीं जातो. तेंच काम ताण कमी करून करावयाचें तर ताण निम्मा करून भागत नाहीं, चतुर्थांश करावा लागतो. सर्व घोटाळ्याचें मूळ या शेवटच्या वाक्यांत आहे. कानाला स्वर थोडासा उतरलेला वाटतो, पण हाताखालची तार त्यापेक्षां पुष्कळच अधिक सैल झालेली असते. पेटीचें एक घर, म्हणजे अर्धा स्वर, खालीं उतरलें कीं ताणाचा सुमारें नववा हिस्सा गेला. दोन घरें उतरलीं कीं पांचवा.

नेहमींच्या सहा तारांच्या विजेच्या गिटारीवर तारेची वाजती लांबी साडेपंचवीस इंच असते. तरुण मंडळी ज्याला 'दहाचा सेट' म्हणतात त्यांत सर्वांत बारीक तार इंचाच्या दहा सहस्रांशांची आणि सर्वांत जाड शेचाळिसांची असते. या तारा रूढ स्वरांत मिळविल्या म्हणजे प्रत्येकीवर सात ते नऊ किलोंचा ताण येतो. सहांचा मिळून पंचेचाळीस ते पन्नास किलो. म्हणजे गिटारीच्या त्या बारीक मानेवर एक भरलेलें सिमेंटचें पोतें सदैव टांगलेलें असतें म्हणा ना! जाड तारेचा रूढ स्वर पांढरी तीनचा, सेकंदास सुमारें ८२ कंपनांचा. आमच्या शिरूरच्या मित्रानें ती पांढरी सहापर्यंत, म्हणजे ५५ कंपनांपर्यंत उतरविली होती. हिशेब केला तर तिच्यावर पूर्वीच्या ताणाचा निम्माही उरत नाहीं. जेमतेम साडेतीन किलो. एवढ्या सैल तारेवर गिटारवादक नखीनें जोराचा आघात करतो तेव्हां तार प्रथम पुष्कळ ताणली जाते, म्हणून स्वर वर उडतो. आणि झोका कमी झाला म्हणजे खालीं बसतो. आम्हीं माडीवर ऐकली ती उडी हीच. आजोबांच्या बोलण्यांत शास्त्र नव्हतें, पण सत्य होतें.

यावर दोन उपाय संभवतात. एक तार जाड करावयाचा, दुसरा ती लांब करावयाचा. जाडी वाढविली तर वजन वाढतें आणि ताण परत येतो. पण हा उपाय फार दूर नेतां येत नाहीं. जाड तार हळूहळू तार न राहतां सळई होऊं लागते. तिच्या अंगीं ताठरपणा येतो, आणि तिचे वरचे उपस्वर मूळ स्वराच्या नेमक्या पटींत न राहतां थोडे थोडे वर सरकतात. मग आवाज भरदार न होतां हंड्यावर ठोकल्यासारखा बद्द होतो. हा दोष टाळण्यासाठींच आंतली पोलादी तार बारीक ठेवून तिच्यावर दुसरी तार गुंडाळतात. तरीही मर्यादा आहेच. म्हणून कारागिरांनीं लांबीकडे लक्ष दिलें. आठ तारांच्या पुष्कळ गिटारी सत्तावीस इंचांच्या असतात. साडेपंचवीस आणि सत्तावीस यांतील दीड इंचाचा फरक किरकोळ वाटतो. पण मोजून पाहिलें तर तो नेमका एका पडद्याइतका, अर्ध्या स्वराइतका निघतो. म्हणजे मेरूच्या मागें एक पडदा जास्त जोडावा तसेंच हें झालें. सात तारांची कल्पनाही अगदीं नवी नाहीं. अमेरिकेंत जॉर्ज व्हॅन एप्स यानें १९३० नंतरच्या दशकांतच खालीं एक तार वाढवून घेतली होती; स्टीव्ह वाय याच्यासाठीं सिद्ध झालेली आयबानेझ कंपनीची सात तारांची विजेची गिटार १९९० मध्यें बाजारांत आली, आणि आठ तारांचीही पुढें त्याच कंपनीनें २००७ मध्यें काढली. आठवी तार बहुधा काळी तीनच्या स्वरांत मिळवितात. सेकंदास सुमारें ४६ कंपनें.

तारा बदलल्यानें संगीतांत खरोखर काय बदलतें, हें पाहण्यास एक उत्तम उदाहरण उपलब्ध आहे, आणि टीकाकारास असें उदाहरण क्वचितच लाभतें. स्वीडनमधील मेशुगा या वाद्यवृंदाचा 'नथिंग' हा संग्रह २००२ सालीं निघाला. त्यांना आठ तारांच्या गिटारी हव्या होत्या. त्या कामास येण्याजोग्या स्थितींत वेळेवर न मिळाल्यानें सात तारांच्या गिटारी बऱ्याच खालीं उतरवून वादन मुद्रित केलें गेलें. पुढें २००६ मध्यें गिटारींचें वादन आठ तारांच्या वाद्यांवर नव्यानें मुद्रित करून तोच संग्रह पुन्हां प्रसिद्ध झाला. एकच रचना, तेच वादक. एकदां सैल तारेवर आणि एकदां योग्य तारेवर! आम्हीं दोन्ही मुद्रणें लागोपाठ तीन वेळां ऐकलीं. (घरांतील मंडळी त्या दिवशीं जेवणाखेरीज आमच्याशीं बोलली नाहीं, ही गोष्ट नमूद करून ठेवतों.)

या वाद्यवृंदाचें सर्व बळ लयींत आहे. तबल्याचा ठेका एका बाजूनें चालू असावा आणि वादकानें विषम मात्रांची तिहाई अशी टाकावी कीं सम येईपर्यंत श्रोत्याचा श्वास अडकावा, त्या जातीचा हा खेळ. फरक इतकाच कीं येथें तो खेळ मिनिटेंच्या मिनिटें चालतो. अशा संगीतांत प्रत्येक आघाताची कड स्वच्छ हवी. २००२ च्या मुद्रणांत ती कड जागोजाग मऊ पडते, कारण आघात होतो त्या क्षणीं स्वर कोणता हेंच कानाला ठरवितां येत नाहीं. ठरेपर्यंत पुढचा आघात येऊन पोंचतो. २००६ च्या मुद्रणांत स्वर आघाताबरोबरच उभा राहतो, म्हणून मात्रांचें गणित ऐकूं येऊं लागतें. आमचा कौल दुसऱ्या मुद्रणास आहे. तथापि एक गोष्ट मान्य केली पाहिजे. संथ लयीच्या जागीं पहिल्या मुद्रणांतील लोंबणारा स्वर एक प्रकारचा थकवा, एक ओझें घेऊन येतो. दुसऱ्यांत तें ओझें हलकें झालें आहे. ज्यांना पहिलेंच अधिक प्रिय आहे त्यांना अरसिक म्हणण्याची आमची तयारी नाहीं. ते वेगळी वस्तु ऐकत आहेत.

मग सैल तार हा दोषच काय? येथें आमचा निवाडा गुंतागुंतीचा होतो, कारण आमच्याच प्रांतांत सैल आणि जाड तारेचा एक महान् उपासक होऊन गेला. उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर हे उदयपूरचे. पण त्यांची कर्मभूमि मुंबई, आणि पनवेलजवळच्या पळस्पें येथें त्यांनीं धृपदाचें गुरुकुल उभारलें. १९९० सालीं ते वारले. रुद्रवीणा या वाद्याच्या अंगांत त्यांनीं जे फेरफार केले ते थोडेथोडके नव्हते. भोपळे मोठे केले, दांडी जाड केली, वाजत्या पोलादी तारा जाड घेतल्या, जवारी बंद ठेवली, आणि नखी टाकून देऊन बोटानें तार छेडूं लागले. म्हणजे आज शिरूरच्या माडीवर जो हव्यास चालला आहे, खालीं जावें, जाड व्हावें, मोठें व्हावें, तोच हव्यास एका थोर कलावंतानें आयुष्यभर केला. त्यांच्या आलापींत खर्जांतील एक स्वर सुटतो, तो विरत जातो, आणि विरतां विरतांच दुसऱ्या स्वराकडे ओढला जातो. ती मींड संपते कोठें आणि शांतता सुरू होते कोठें हें सांगतां येत नाहीं. ताठ तारेवर हें होणें नाहीं.

असें असतां एका ठिकाणीं सैलपणा गुण आणि दुसऱ्या ठिकाणीं दोष कां? पक्षपात म्हणाल तर तसा नाहीं. कारण तारेंतच आहे. तार बाजूला ओढली म्हणजे ती थोडी लांबते आणि तिचा ताण वाढतो. ही वाढ मूळच्या ताणावर अवलंबून नसते. तारेच्या धातूवर आणि जाडीवर असते. म्हणून मूळचा ताण जितका कमी, तितकी तीच वाढ त्याच्या मानानें मोठी ठरते, आणि स्वर अधिक वर सरकतो. याचा अर्थ असा कीं, सैल तार हाताच्या प्रत्येक हालचालीस फार लवकर उत्तर देते. बीनकार एका वेळीं एकच स्वर घेतो, हलक्या बोटानें छेडतो, आणि तारेचें हें हळवेपण मींडेंत रूपांतरित करतो. गिटारवादक एका वेळीं दोन-तीन तारा दाबतो, जोरानें ओरबाडतो, आणि तेंच हळवेपण त्याचा घात करतें. प्रत्येक बोटाचा दाब निराळा, म्हणून प्रत्येक तारेचा स्वर निराळा सरकतो, आणि स्वरसंवाद बेसूर होतो. तार चांगली कीं वाईट हा प्रश्नच मुळीं अपुरा आहे. त्या तारेकडे येणारा हात कसा आहे हें विचारल्यावांचून त्यास उत्तर नाहीं. डागरांनीं नखी टाकली ही गोष्ट त्यांच्या जाड तारेइतकीच महत्त्वाची होती. आमचे तरुण तारेचें अनुकरण करतात, हाताचें विसरतात.

तंबोऱ्याकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. मिरजेचे तंतुवाद्यकार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंबोरे करीत आले आहेत, आणि २०२४ सालीं तेथील सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. पुरुषी तंबोऱ्याची जोडाची तार पाऊण मिलिमीटरच्याही निम्म्याहून बारीक; काळी एकमध्यें मिळविली तर तिच्यावर साडेतीन-चार किलोंचा ताण येतो, आणि खर्जाच्या पितळी तारेवर त्याहूनही कमी. गिटारीच्या तारेच्या मानानें हा ताण निम्माच. तरीही खर्ज कसा घुमतो! कारण तो छेडणारें बोट तारेवर प्रहार करीत नाहीं. नुसतें तिला स्पर्शून जातें.

तंबोऱ्याच्या बाबतींत आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं तंबोरा व वीणा यांच्या घोडीविषयीं एक निबंध लिहिला. तार जेथें छेडली असतां एकादा उपस्वर निघूं नये असें युरोपीय शास्त्र सांगत होतें, तेथेंही तो आमच्या वाद्यांत स्पष्ट निघतो, आणि याचें कारण घोडीच्या वक्र पृष्ठांत आहे, असें त्यांनीं दाखविलें. जवारीचा दोरा सरकवून आपण करतों तें हेंच: मूळ स्वराची शक्ति उपस्वरांत वांटून देतों. आणि कानाची खुबी अशी कीं, उपस्वरांची माळ नीट लागली असेल तर मूळ स्वर दुर्बळ असूनही तो आपण मनानें पुरा करून ऐकतों. आतां आठ तारांच्या गिटारीकडे पाहा. तिच्या ४६ कंपनांच्या तारेचा मूळ स्वर गिटारीचा नेहमींचा बारा इंची ध्वनिक्षेपक जवळजवळ देऊंच शकत नाहीं. ऐकूं येतो तो उपस्वरांचा थवा. आणि विजेच्या यंत्रांतून मुद्दाम आणलेला तो कर्कश फाटलेपणा, ज्याच्यामुळें आमच्या पिढीचे लोक दार लावून घेतात, तोच हे उपस्वर निर्माण करीत असतो. जवारी दोऱ्यानें करते तें हें यंत्र विजेनें करतें, असें म्हटलें तर पुष्कळांस राग येईल. येवो. फरक अभिरुचीचा आहे, जातीचा नाहीं. जवारी उपस्वरांना एकामागून एक उलगडूं देते; विजेचें यंत्र त्या सर्वांना एकदमच अंगावर सोडतें.

म्हणूनच तार नीट ताणलेली असणें येथें अधिकच आवश्यक होतें. उपस्वर विस्कटलेले असतील तर कान कशाची माळ ओवणार? मूळ स्वर तर ध्वनिक्षेपकानें दिलेलाच नाहीं. सैल, आपटणारी तार आणि तिच्यावर यंत्राचा मारा, यांतून भरदार खर्ज निघत नाहीं. नुसता गोंगाट निघतो, आणि त्या गोंगाटावरून संबंध कलाप्रकाराची परीक्षा करणारे टीकाकार मग आपला निकाल लिहून मोकळे होतात.

तरुणांच्या वादांत दुसराही एक भ्रम वारंवार आढळतो, आणि आश्चर्य असें कीं तोच भ्रम भजनी मंडळांतही आहे. 'पट्टी उंच न्यावयाची तर जाड तार लावावी, म्हणजे ती तुटणार नाहीं' असें कित्येक वीणेकरी समजतात. तें बरोबर नाहीं. तार जाड केली तर तिची सोसण्याची शक्ति वाढते हें खरें, पण त्याच स्वरासाठीं लागणारा ताणही नेमका त्याच प्रमाणांत वाढतो. लांबी आणि धातु तेच असतील तर बारीक तार आणि जाड तार जवळजवळ एकाच स्वराला तुटतात. उंच जावयाचें असेल तर तार आंखूड केली पाहिजे. बायकांचे तंबोरे पुरुषांच्या तंबोऱ्यांहून लहान असतात याचें कारण हेंच. खालच्या तारा लांब आणि वरच्या आंखूड असाव्या, ही गोष्ट स्वरमंडळ पाहणाऱ्या मुलासही कळते. गिटारीला ती उशिरां सुचली असें दिसतें, पण तसेंही नाहीं. सोळाव्या शतकांत इंग्लंडमध्यें ऑर्फेरियन नांवाचें वाद्य होतें, त्याचे पडदे तिरपे असत. तेच तिरपे पडदे राल्फ नोवाक यानें १९८९ मध्यें एकस्व घेऊन गिटारींत पुन्हां आणले.

हें सारें गणित ऐकून कोणी म्हणेल कीं, कलेंत आंकडेमोड कशाला? त्यांना आम्ही सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांचें स्मरण करून देतों. १९१० सालीं त्यांनीं श्रुतींवर जें पुस्तक प्रसिद्ध केलें त्यांत तारेच्या लांब्या मोजून स्वर निश्चित करण्याचा खटाटोप आहे. आणि त्यांच्या या कामीं अब्दुल करीम खांसाहेबांसारख्या गवयाचा गळा साह्यास होता. देवलांचे सर्वच निष्कर्ष पुढें टिकले नाहींत. परंतु गवई आणि फूटपट्टी यांचें वैर नाहीं, एवढें त्यांनीं महाराष्ट्राला दाखविलें होतें. आपण तें विसरलों.

आतां पुन्हां शिरूरास जाऊं. आमच्या मित्राला आम्हीं विचारलें कीं, आठ तारा घेऊन तूं त्यांवर काय वाजविणार? त्यानें प्रामाणिकपणें सांगितलें कीं, वाजवावयाचें सारें या सहांवरच आहे. फक्त खालीं जावयाचें आहे. तर मग नवें वाद्य कशाला? साडेपंचवीस इंचांवर पांढरी सहाचा स्वर बासष्टच्या तारेनें चांगला मिळतो. मूळच्या ताणाचा चार पंचमांश तरी परत येतो. मेरूची खांच थोडी रुंद करावी लागते, आणि मानेचा बाक पाहावा लागतो. हें काम जाणत्या कारागिराकडून करवून घ्यावें. त्यानें पुण्यास जाऊन तसें करविलें. महिन्यानें आम्हीं पुन्हां ऐकलें तेव्हां उडी जवळजवळ गेली होती. त्यानें रचलेला एक तुकडा, जो पूर्वी आम्हांस खडखडाट वाटला होता, तो खरोखर सात मात्रांच्या दोन आणि पांच मात्रांच्या एका खंडाचा बनलेला आहे, हें आम्हांस त्या दिवशीं प्रथम कळलें. रचना मध्यम प्रतीची आहे. मधला भाग लांबला आहे, आणि शेवट अकारण वेगवान केला आहे. तसें आम्हीं त्याला सांगितलें, व तो रागावलाही. परंतु दोष सांगतां येण्याइतकी ती रचना आतां ऐकूं तरी येत होती.

राहिला प्रश्न वीणेचा. त्या माडीवर आम्ही बसलों असतांनाच बुवा दौंडाहून आले, आणि आम्हांस एक प्रयोग करून पाहावयाची बुद्धि झाली. वीणा नातवाच्या हातीं दिली. त्यानें गिटारीच्या सवयीनें तार जोरानें छेडली, आघाताचा स्वर पेटीशीं मिळविला, आणि 'लागली' म्हणून वीणा आजोबांच्या गळ्यांत दिली. बुवांनीं आपल्या हलक्या बोटानें ती छेडली, तर स्वर किंचित् खालीं! पुन्हां त्याला जोरानें छेडावयास सांगितलें, पेटीशीं बरोबर. बुवांनीं छेडली, खालीं. दोघेही आपापल्या जागीं खरे होते. जोराच्या आघातानें तार क्षणभर वर चढते, आणि मुलगा त्या चढलेल्या क्षणाशीं पेटी जुळवीत होता. वर्ष दीड वर्ष सैल तारेवर वाजवून त्याला त्या पहिल्या क्षणालाच स्वर म्हणावयाची संवय झाली होती. कान शाबूत होता. हात बदलला होता.

बुवा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं वीणा उतरवून नातवाच्या मांडीवर ठेवली, त्याचा उजवा हात धरला, आणि म्हणाले, "हळू छेड. मग ऐक. मग खुंटी." तिसऱ्या खेपेस तार लागली. येत्या सप्ताहाची वीणा कोणी मिळवावयाची याविषयीं त्यांनीं आमच्यासमोर कांहीं सांगितलें नाहीं. निघतांना मात्र खुंटीला लावण्याची खडूची वडी त्यांनीं आपल्या पिशवींतून काढून मुलाच्या हातांत ठेवली, आणि खिडकी उघड म्हणून सांगितलें, कारण खोलींत फार उकडत होतें.